दारुश्शिफा ते आरोग्यश्री

बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (१४३६-१४५८) याने बिदर या आपल्या राजधानीत एक दारुश्शिफा म्हणजे रुग्णालय बांधले, आणि इतिहासकार फिरिश्त्याने नमूद केल्याप्रमाणे, रुग्णांच्या औषधांचा व अन्नपाण्याचा खर्च अखंड चालावा म्हणून काही गावांचा महसूल त्याच्याकडे लावून देऊन, हिंदू वैद्य व मुसलमान हकीम अशा उभयतांची तेथे नेमणूक केली. उपचार करणारा कोणत्या परंपरेतला आहे, यापेक्षा त्याच्या उपचाराचा भार रुग्णावर पडू नये, हे सूत्र त्या व्यवस्थेच्या मुळाशी होते.

पुढे या मुलखावरचा निजामाचा अंमल संपून १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले; परंतु सीमेवरच्या मराठी माणसाची दवाखान्याची वाट सरकारी नकाशाप्रमाणे बदलली नाही. औरादकडचा रुग्ण उदगीर-लातूरला व आळंदचा सोलापूरला जात राहिला, आणि तेथील खाजगी इस्पितळाचे बिल भागविण्यासाठी बैलजोडी विकण्याची किंवा शेत गहाण टाकण्याची पाळी अनेक घरांवर आली. अशा काळात महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने १९५८ साली गुलबर्ग्यास हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्था स्थापन झाली व १९६३ साली तिचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, हे या मुलखावर मोठे उपकार होत. कारण बिदर व गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बिदरला निघण्यास २००७ साल उजाडावे लागले.

२०१० साली कर्नाटक सरकारने वाजपेयी आरोग्यश्री योजना गुलबर्गा विभागापासून सुरू केली, तेव्हा दारुश्शिफेचे ते जुने सूत्र नव्या रूपात अवतरले. गावोगावी शिबिरे भरत. तेथे दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड दाखविणाऱ्या रुग्णाची तपासणी होई. हृदयविकार, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा दुर्धर आजार आढळल्यास ‘आरोग्यमित्र’ म्हणून नेमलेला योजनेचा मदतनीस त्याचे कागदपत्र पुरे करी. आणि सरकारी न्यासाची पूर्वमंजुरी मिळताच करारबद्ध इस्पितळ, मग ते खाजगी का असेना, ठरलेल्या दराने शस्त्रक्रिया करी. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत योजनेतील गावांच्या गरीब कुटुंबांत अशा आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ०.३२ टक्के, तर योजनेबाहेरील शेजारच्या गावांत ०.९० टक्के आढळले.

खाजगी इस्पितळांना गरिबांच्या सेवेत आणता येते, हे यावरून निर्विवाद ठरते. परंतु ज्या शर्तींवर ते घडले, त्या शर्ती विसरता कामा नयेत. दर सरकारने ठरविला, मंजुरी न्यासाने दिली, रक्कम खजिन्यातून गेली. शिवाय ही योजना मोठ्या आजारांपुरती होती. तापाने फणफणलेले लेकरू, अडलेली बाळंतीण आणि सर्पदंश झालेला शेतमजूर यांना शेकडो कोसांवरचे सुसज्ज इस्पितळ काय उपयोगाचे? जेथे फी देण्याची ऐपतच नाही, तेथे खाजगी कंपनी आपण होऊन दवाखाना उघडणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही व्यर्थ आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा करार खाजगी इस्पितळाशी खुशाल करावा. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर व औषध हजर ठेवण्याची जबाबदारी मात्र सरकारने स्वतःच्याच शिरावर घ्यावी.