आकाशातील पंक्तिभेद : विमानातला ‘फर्स्ट क्लास’ कसा जन्मला?

१/
विमानातील प्रथम वर्ग विमानप्रवासाइतकाच जुना असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. लांब पल्ल्याच्या विमानांत दीर्घकाळ बहुधा एकच वर्ग असे. त्याला ‘प्रथम’ हे विशेषण लागले ते त्याच्याखाली दुसरा, स्वस्त वर्ग निर्माण झाल्यावर. आलिशान आसने, विमानतळावरील लाउंज आणि मधल्या पडद्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आरंभ समुद्रापासून करावा लागतो. मुंबई ते इंग्लंड हा प्रवास बोटीने होत असे, तेव्हा वर्गव्यवस्था जहाजाच्या रचनेतच होती. प्रथम वर्गाचे भोजनगृह वेगळे, दुसऱ्या वर्गाचे वेगळे आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या खलाशांची जागा त्याहून वेगळी. जहाजांवर काम करणाऱ्यांत कोकण आणि गोव्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या असत. पुढे या कथेत खलाशी पुन्हा येणार आहेत.

३/
३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. भाडे १३० पौंड, कालावधी सुमारे एक आठवडा. मधला काही टप्पा चक्क आगगाडीने, भूमध्य समुद्र जलविमानाने आणि रात्रीचा मुक्काम जमिनीवर. एवढा खर्च करणारा प्रवासी उच्च अधिकारी, मोठा व्यापारी किंवा संस्थानिक असे. गरीब माणूस विमानात येण्याची शक्यताच नव्हती, म्हणून त्याला वेगळे बसवण्याची गरजही नव्हती.

४/
या मार्गावरील शारजाचा थांबा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९३२ साली येथे प्रवाशांच्या मुक्कामासाठी एक विश्रामगृह बांधण्यात आले. त्याचे रूप किल्ल्यासारखे होते. भिंती भक्कम, दारावर पहारा. आज शेजारच्या दुबईत जगातील काही सर्वांत भव्य लाउंज आहेत. त्यांचा हा पूर्वज मात्र चैनीपेक्षा सुरक्षेसाठी उभारलेला होता.

५/
आता स्वतंत्र भारत. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. मार्ग कैरो आणि जिनिव्हा, प्रवासी ३५. त्यांत संस्थानिक होते, तसेच लंडन ऑलिंपिकसाठी निघालेले सायकलपटूही होते. १० जूनला विमान लंडनला उतरले.

६/
कंपनीच्या जाहिरातीत लंडनचे भाडे होते १,७२० रुपये. त्या काळी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांहून थोडा अधिक होता. म्हणजे एका बाजूच्या तिकिटाला पंधरा-सोळा तोळे सोने! आज तेवढ्या सोन्याच्या किमतीत मुंबई-लंडनची इकॉनॉमीची तिकिटे डझनांनी मिळतील. विमानात वर्ग एकच होता; निवड तिकीट खिडकीवरच होऊन जात असे.

७/
जाहिरातीतून निमंत्रण देणारा होता ‘महाराजा’. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेली ही आकृती. काळ मोठा विलक्षण होता. खरे राजे आपली राज्ये भारतीय संघराज्यात विलीन करत होते. कोल्हापूरचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. त्याच काळात कागदावरचा महाराजा कमरेत वाकून तिकीट घेणाऱ्याचे स्वागत करू लागला. राजेपण विकत घेण्याची वस्तू झाले होते.

८/
त्याच ‘मलबार प्रिन्सेस’चा शेवट फारसा सांगितला जात नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरत असताना ते आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी आठ कर्मचारी होते. उरलेले चाळीस प्रवासी कोण होते? संस्थानिक नव्हेत. ते बहुतांश भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये आपल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेले.

९/
शोधमोहिमेत शामोनीचे वाटाडे रने पायो हिमप्रपातात मरण पावले. पुढे १९५२ साली फ्रेंच लेखक आंरी त्रोया यांनी या दुर्घटनेवरून सुचलेली कादंबरी लिहिली. तिच्यावरून १९५६ साली हॉलिवूडमध्ये ‘द माउंटन’ हा चित्रपट निघाला. त्यात एक भाऊ मृत प्रवाशांचा ऐवज लुटण्यासाठी पर्वत चढतो. भारतातून आलेले विमान म्हणजे ऐश्वर्य, ही कल्पना इतकी घट्ट होती. वास्तवात त्या बर्फात मजुरीला निघालेली माणसे होती.

१०/
खलाशी विमानाने जाऊ लागले याचा अर्थ आकाशाची दारे किलकिली होत होती. अमेरिकेत १९४८ पासून देशांतर्गत मार्गांवर स्वस्त ‘कोच’ उड्डाणे सुरू झाली होती. १ मे १९५२ पासून उत्तर अटलांटिकवर ‘टूरिस्ट क्लास’ आला: आसने दाटीची, सेवा साधी, भाडे कमी. पूर्वीच्या नेहमीच्या प्रवासाला आता ‘प्रथम वर्ग’ म्हणणे भाग पडले. खालची पायरी बांधली गेली, तेव्हाच वरच्या पायरीला उंची आली.

११/
१ एप्रिल १९५८ पासून त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला आणि त्याबरोबर इतिहासातील एक मजेदार तंटा उभा राहिला. या वर्गाला जेवण द्यायचे नाही, फक्त साधे, थंड सँडविच द्यायचे, असा विमान कंपन्यांचा आपसातील करार होता. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे पावाच्या चकतीवर मांस, मासे, भाज्या यांचा असा थर रचला की ते पूर्ण जेवणच झाले.

१२/
अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तक्रार केली. सँडविच कशाला म्हणावे, यावर विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला, म्हणजे ‘आयटा’ला, गंभीरपणे विचार करावा लागला. अखेर एसएएसला दंड झाला. आपल्याकडे एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडे वाढणे याला पंक्तिभेद म्हणतात आणि तो दोष मानतात. येथे तो दोष नव्हता, नियम होता. आणि दंड झाला तो पंक्तिभेद पुरेसा न पाळल्याबद्दल!

१३/
असा नियम का असावा? १९४५ साली हवाना येथे स्थापन झालेल्या आयटाच्या परिषदांत कंपन्या भाडे एकमताने ठरवत आणि सरकारे त्याला मान्यता देत. भाड्यात स्पर्धा करता येत नसे. स्वस्त वर्गातही चांगले खायला मिळाले, तर दुप्पट पैसे कोण देणार, ही खरी धास्ती होती. म्हणून मागच्या प्रवाशाला काय द्यायचे यापेक्षा काय द्यायचे नाही, हे अधिक काटेकोरपणे ठरवले गेले. १९६१ साली टीडब्ल्यूएने विमानात नियमित चित्रपट दाखवायला सुरुवात केली, तीही प्रथम वर्गातच.

१४/
जमिनीवरही हेच घडत होते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. विमानतळावरील लाउंज या संकल्पनेचा हा प्रारंभ मानला जातो. कंपनी आपल्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणे, म्हणून निवडक प्रवासी झाले मानद ‘अ‍ॅडमिरल’. पैसे भरून तेथे जाता येत नसे. निमंत्रण लागे आणि निमंत्रण कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवे.

१५/
अशा बंद दाराआड कोणाला घेतले जाते आणि कोणाला वगळले जाते, हा प्रश्न अमेरिकेत पुढे भेदभावाच्या तक्रारींपर्यंत पोहोचला. सार्वजनिक परवान्यावर चालणारी कंपनी आपल्या मर्जीने काही प्रवाशांना विशेष वागणूक देऊ शकते का? परिणामी निमंत्रणाची पद्धत मागे पडली आणि वार्षिक शुल्क भरेल त्याला सदस्यत्व मिळू लागले. ओळखीची जागा पैशाने घेतली. एका अर्थाने हे लोकशाहीकरणच होते. फक्त दाराची किल्ली बदलली.

१६/
यानंतर वैभवाचा सर्वोच्च काळ. १९६७ साली एअर इंडियाने प्रख्यात चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून चिनी मातीचा अ‍ॅशट्रे घडवून घेतला आणि तो प्रथम वर्गाच्या प्रवाशांना भेट दिला. मोबदल्यात दालींनी मागितले हत्तीचे पिल्लू, आणि ते खरोखर भारतातून स्पेनला पाठवण्यात आले! जानेवारी १९७० मध्ये पॅन अ‍ॅमचे बोइंग ७४७ प्रवासी सेवेत आले. त्यात गोल जिना आणि वरच्या मजल्यावर बैठकीची जागा होती.

१७/
१८ एप्रिल १९७१ रोजी एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी, आतील सजावट राजवाड्याची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. जमिनीवरचे राजेपण कायद्याने संपवले त्याच वर्षी राष्ट्रीयीकृत विमान कंपनीने आकाशात राजवाडा उभा केला. हा विरोधाभास त्या काळाच्या भारताचे नेमके चित्र आहे.

१८/
राजवाडा फार काळ परवडला नाही. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागले आणि जगभरातील ७४७ मधील बैठकीच्या जागी आसने बसू लागली. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांच्या ‘स्कायट्रेन’ने लंडन-न्यूयॉर्क प्रवास अत्यंत स्वस्त केला. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला. सँडविचची व्याख्या ठरवणारे जग मोडकळीस आले.

१९/
आणि येथेच ‘बिझनेस क्लास’ जन्मला. कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडे भरणारा प्रवासी आता सवलतीत तिकीट घेतलेल्या पर्यटकाच्या शेजारी बसू लागला. जेवण तेच, आसन तेच. त्याची नाराजी स्वाभाविक होती. १९७८-७९ च्या सुमारास पॅन अ‍ॅम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांनी त्याला वेगळा कक्ष दिला. १९५२ चीच पुनरावृत्ती झाली: मागच्या बाजूला गर्दी वाढली, म्हणून मधे आणखी एक पडदा आला.

२०/
पुढील टप्पे झपाट्याने आले. १९९० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश एअरवेजने प्रथम वर्गात सपाट पलंग होणारे आसन आणले. २००० साली तेच बिझनेस वर्गात आले. मग प्रथम वर्गाने काय वेगळे द्यावे? ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ए३८० विमानात दार लावता येणारे स्वतंत्र कक्ष दिले. खालचा वर्ग एक पायरी चढला की वरचा दोन पायऱ्या वर सरकतो. अनेक कंपन्यांना ही शर्यत झेपली नाही आणि त्यांनी प्रथम वर्गच बंद केला.

२१/
लाउंजची कथा उलट दिशेने गेली. १९९२ साली सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’सारख्या योजनांनी लाउंजला विमान कंपनीपासून सोडवले. आज भारतात बँकेच्या कार्डावर नाममात्र दोन रुपयांत आत जाऊन पोटभर खाता येते. म्हणून लाउंजबाहेर रांगा लागतात, बँका खर्चाच्या अटी घालतात, आणि कंपन्या खास प्रवाशांसाठी लाउंजच्या आत आणखी एक लाउंज करतात. सर्वांना प्रवेश मिळाला की त्या जागेचे मोल उरत नाही. मग नवे दार बसवावे लागते.

२२/
या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विमानातील चैन केवळ श्रीमंतांच्या हौसेतून वाढली नाही. सामान्य माणसाने एक पाऊल पुढे टाकले, त्या प्रत्येक वेळी त्याच्यापासूनचे अंतर विकण्याची नवी सोय झाली. टूरिस्ट आला आणि प्रथम वर्ग दिसू लागला. सवलतीची तिकिटे आली आणि बिझनेस वर्ग आला. कार्ड आले आणि लाउंजमध्ये लाउंज आला. पडद्याचे कापड बदलले, काम तेच राहिले.

२३/
तरीही या कथेची दुसरी बाजू विसरता कामा नये. पंधरा तोळ्यांचे तिकीट आज नोकरदाराच्या आवाक्यात आले ते या विषम रचनेमुळेच. पुढच्या मोजक्या आसनांच्या भाड्याचा मोठा आधार संपूर्ण उड्डाणाला असतो. संशोधकांपुढील प्रश्न असा की आपण विमानप्रवासाचा इतिहास कोणाच्या आसनावरून लिहितो? दालींचा अ‍ॅशट्रे संग्राहकांनी जपला, महाराजाच्या जाहिराती पुस्तकांत आल्या. माँ ब्लाँवर गेलेल्या चाळीस जणांच्या वाट्याला एवढी आठवण आली नाही.

२४/
आजही मुंबई विमानतळावरून खलाशी कुठल्यातरी दूरच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर रुजू व्हायला निघतात. त्यांच्यासाठी विमान कंपन्यांकडे वेगळ्या दराची तिकिटे असतात, सामानाची मर्यादाही बरेचदा जास्त असते. त्यांचे आसन मागे असते. भारतीय आंतरराष्ट्रीय विमानसेवेच्या अगदी पहिल्या वर्षांपासून ते या प्रवासात आहेत. त्या सेवेच्या इतिहासातही त्यांचे पान असायला हवे.

(समाप्त)