सरासरी ४२ किलोमीटर

तर मंडळी, या शनिवारी थोडा इतिहास आणि थोडं गणित. घाबरू नका, भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. सगळे विशीतले. यातले पहिले तिघे १८ मार्च १९२८ ला प्रदक्षिणा पूर्ण करून परत आले, बाकीचे वाटेत वेगळे झाले. एकूण अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. पुढे १९३१ मध्ये त्यांचं 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक आलं, त्याला चक्क पंडित नेहरूंची प्रस्तावना. एवढं असूनही शाळेच्या एकाही पुस्तकात हे लोक मला भेटले नाहीत. असो.

आता गणित. ७१,००० किलोमीटर, १६१६ दिवस. भागाकार केला की रोजचे साधारण ४४ किलोमीटर. पुणे ते लोणावळा अंतर याहून जास्त आहे. म्हणजे "त्यात काय एवढं?" असं कोणीही म्हणेल.

पण याच प्रवासातला एक तुकडा बघा. बलुचिस्तानात झियारतजवळचा बर्फ तुडवून, इराणच्या उंच, कोरड्या पठारावरून इस्फहान आणि तेहरान करत ही मंडळी बगदादला उतरली. तिथून मेसोपोटेमियाचं वाळवंट पार करून सीरियातलं अलेप्पो गाठायचं. अंतर ९५६ किलोमीटर, लागले २३ दिवस. सरासरी? ४२ किलोमीटर!

बाकीच्या प्रवासाइतकीच. पण ४४ च्या आकड्यात बोटींचे प्रवास, मुक्काम, आराम सगळं धरलेलं आहे. उलट वाळवंटातले ४२ म्हणजे तिथली पूर्ण दिवसाची कमाई.

कशी ते सांगतो. मऊ वाळूत चाक रुतलं की सायकल चालत नाही, ढकलावी लागते. आजच्यासारखे गिअर तेव्हाच्या साध्या सायकलींना नसत. सामान लादलेली सायकल ढकलताना ताशी तीन-चार किलोमीटर वेग मिळाला तर खूप झालं. त्या हिशोबाने ४२ किलोमीटरला दहा ते चौदा तास लागतात! मधे कडक जमीन लागली की थोडी पेडलं मारता येणार, एवढाच काय तो दिलासा.

त्यात वारा. अलेप्पो बगदादच्या वायव्येला आहे, आणि इराकमध्ये उन्हाळ्यात वाहणारा 'शमाल' वायव्येकडूनच येतो. थेट तोंडावर, धुळीसकट.

आणि पाणी. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. दिवसाला दहा लिटर म्हणजे माणशी दहा किलो वजन फक्त पाण्याचं. सायकलवर दोन दिवसांचं पाणी नेणंसुद्धा मुश्कील. त्यामुळे दमलो म्हणून वाटेत कुठेही थांबायची सोय नाही. मुक्काम कुठे हे पाय ठरवत नाहीत, पुढची पाण्याची जागा ठरवते.

या प्रवासाबद्दलच्या लेखांत ५७ अंशांचा आकडा वारंवार येतो. जगातल्या सर्वाधिक तापमानाची अधिकृत नोंद ५६.७ अंशांची आहे, १९१३ सालची, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतली, आणि ती सावलीत मोजलेली. तेव्हा ५७ हा आकडा बहुधा उन्हातला असणार. पण हे लोकही उन्हातच होते की!

गंमत म्हणजे १९२३ च्या त्याच ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या नेर्न बंधूंनी सीरियाच्या वाळवंटातून बगदादपर्यंत मोटारींची टपाल आणि प्रवासी सेवा सुरू केली होती. म्हणजे दोन-तीन दिवसांत वाळवंट ओलांडण्याची सोय तेव्हा झालेली होती. तरी यांनी २३ दिवसांचा रस्ता निवडला. भारत म्हणजे काय ते जगाला दाखवायचं आणि जग आपल्या डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा हेतू. मोटारीतल्या पारतंत्र्यातल्या प्रवाशाकडे कोणी वळून बघितलं असतं, असं मला वाटत नाही. तोंडावर धूळ घेऊन सायकल ढकलत आलेल्या माणसाला मात्र "कुठून आलास?" असं लोक विचारतातच.

आमच्या धंद्यात एक साधी शिकवण आहे. सर्व्हरचा सरासरी वेग बघून खूश होऊ नका, सगळ्यात वाईट वेळ बघा. कारण सिस्टिम कोलमडते ती तिथेच. इतिहास वाचतानाही मला हेच लागू वाटतं. ७१,००० हा आकडा विक्रमाच्या वहीत जातो. त्यातला एखादा दिवस, जेव्हा रात्री पाण्यापर्यंत पोचलो नाही तर उद्या नाही, तो कुठल्याच बेरजेत दिसत नाही.

ते पुस्तक २००८ मध्ये पुन्हा छापलं गेलं. मिळालं तर वाळवंटाचा भाग सावकाश वाचा. आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवा.