खानदेशी गाठी आणि जहाजावरचा किमोनो

योकोहामाहून सुटणाऱ्या पर्यटन-जहाजांवर अनेक सफरींत एखाद-दुसरी संध्याकाळ ‘फॉर्मल नाइट’ची असते. त्या रात्री जेवणाच्या दालनात बर्मुडा आणि सपाता चालत नाहीत. जपानी जोडपी जिना उतरून येतात ती बहुधा अशी : नवऱ्याच्या अंगात काळा टक्सिडो, गळ्याला बो, बायकोच्या अंगावर रेशमी किमोनो, पाठीवर ओबीची, म्हणजे रुंद कमरपट्ट्याची, चौकोनी घडी. पाहणाऱ्याला वाटतं, बाई परंपरा सांभाळतेय आणि बुवा साहेब झालाय. खरं तर हे दोन्ही पोशाख ‘औपचारिक’ ठरले ते आगबोटींच्याच जमान्यात, आगेमागे एकाच सुमाराला. त्या आगबोटींच्या पोटात ज्या कापसाच्या गाठी होत्या, त्यांत आमच्या जळगाव-धुळ्याचाही वाटा होता. म्हणून ही कुळकथा खानदेशातून सांगायला हरकत नाही.

आधी कोटाचं पाहू, तो लवकर आटपतो. लंडनच्या हेन्री पूल या नामांकित शिंपी-पेढीचा दावा असा, की १८६५ साली त्यांनी युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, शेपटीविना आखूड कोट शिवला. तो घरगुती जेवणाचा, सैलावून बसण्याचा कपडा होता. १८८६च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कात पोचला आणि तिथलं नाव लावून जगभर फिरला. पी. अँड ओ. कंपनीच्या हिंदुस्थान-मार्गावरच्या बोटींतही पहिल्या वर्गाच्या उतारूंनी रात्रीच्या जेवणाला कपडे बदलून यायचं, हा दंडक होता. बोट सुटल्याची पहिली रात्र आणि बंदर लागण्याआधीची शेवटची रात्र तेवढी माफ, कारण तेव्हा कपडे ट्रंकांमध्ये बांधलेले असत. उष्ण मुलखात जाकीट सोसेना, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याकडचा कमरबंद उचलला आणि पोटाला गुंडाळला. तो आजही टक्सिडोबरोबर भाड्याने मिळतो.

किमोनोची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. आज आपण ज्याला किमोनो म्हणतो तो मुळात ‘कोसोदे’, आखूड तोंडाच्या बाह्यांचा झगा. जुन्या दरबारी काळात तो थरावर थर चढवलेल्या कपड्यांच्या आत घालायचा. पुढच्या काही शतकांत वरचे थर गळत गेले आणि आतला कपडा बाहेर आला. इथपर्यंत ती सावकाश चाललेली गोष्ट आहे. घाई झाली ती मेजी सरकारच्या काळात. १८७२मध्ये फर्मान निघालं, की दरबारी समारंभांना पुरुषांनी पाश्चात्त्य पोशाख घालावा. परकी सत्तांशी बरोबरीने बोलायचं तर त्यांच्यासारखं दिसलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. बायकांकडे वळायला आणखी पंधरा वर्षं गेली. जानेवारी १८८७मध्ये खुद्द सम्राज्ञीने पाश्चात्त्य पोशाखाची शिफारस केली आणि युक्तिवाद मोठा बेरकी केला : प्राचीन काळी आपल्याकडच्या स्त्रिया वर एक वस्त्र आणि खाली घागरा असंच नेसत, तेव्हा पाश्चात्त्य झगा हाच आपल्या पुरातन वेशाला किमोनोपेक्षा जवळचा! परंपरेच्या नावाने परंपरा बदलायची ही हातोटी आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

सम्राज्ञीचं फारसं कुणी ऐकलं नाही. दरबारातल्या थोड्या स्त्रियांनी झगे शिवले, बाकीच्या किमोनोतच राहिल्या. कचेरीत, फलाटावर, बोटीवर पुरुष सुटाबुटात फिरू लागला आणि देश ‘दिसण्याचं’ काम बायकोच्या अंगावर आलं. पाच ठिकाणी कुलचिन्हं आणि फक्त खालच्या काठाला नक्षी असलेला विवाहितेचा काळा किमोनो, ‘कुरो-तोमेसोदे’, सर्वोच्च मानाचा ठरला तो याच काळात आणि त्यानंतर. फॉर्मल नाइटच्या जिन्यावरचं जोडपं म्हणजे त्या कामवाटणीचं आजचं रूप. आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये सुटातला नवरा आणि पैठणीतली बायको शेजारी उभी असतात, तीही त्याच वाटणीने.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका मराठी मुलीशेजारी बसलेला आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेलं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. आनंदीबाई जोशी साडीत, दागिने घालून; शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत; आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली त्यांच्या देशी वेशात. प्रसंग होता महाविद्यालयाच्या डीनबाईंकडच्या स्वागत-समारंभाचा. आनंदीबाई एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या, ओकामी १८८९मध्ये. आज निमंत्रणपत्रिकेवर ‘काळा टाय किंवा राष्ट्रीय पोशाख’ असं छापतात. त्यातलं ‘किंवा’ कुणा शिष्टाचारवाल्याने उदार होऊन दिलेलं नाही, असं मला हे चित्र पाहताना वाटतं. परक्या दिवाणखान्यात आपल्या कपड्यांनिशी जाऊन बसणाऱ्यांनी ते पाडून घेतलं.

आता कापूस. जपानी इतिहासग्रंथ ‘निहोन कोकी’ सांगतो, की इ. स. ७९९मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला लहान होडीतून एक परका तरुण लागला. भाषा शिकल्यावर त्याने आपण ‘तेंजिकू’चे, म्हणजे भारताकडचे, असं सांगितलं. त्याच्या सामानात कापसाचं बी निघालं. ते निरनिराळ्या प्रांतांत पेरलं, पण टिकलं नाही. लागवड रुजायला पुढे सात-आठ शतकं जावी लागली. तरी आइची प्रांतातल्या निशिओ गावी त्या पाहुण्याचं देऊळ आहे आणि कापसाचा देव म्हणून त्याला हात जोडतात. एडो काळातल्या शहरी शौकिनांत कोरोमंडल किनाऱ्याचं पट्टेरी सुती कापड मानाचं होतं. डच व्यापारी ते आणत आणि मद्रासजवळच्या सेंट थॉमसवरून त्याला ‘सानतोमे’ म्हणत.

खरा ओघ सुरू झाला तो गिरण्यांमुळे. १८८३मध्ये ओसाकाची मोठी सूतगिरणी चालू झाली आणि जपानला कापूस अपुरा पडू लागला. इकडे खानदेशात १८६०च्या दशकात रेल्वे आली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने भाव चढले होते आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून वाढत होतं. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं सुधारित बी आणवून जिल्ह्यात पेरायला लावलं. शेतकरी कपाशी वेचायचा, रेच्यावर किंवा जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये ३९२ पौंडांची गाठ बांधली जायची आणि वाघिणीतून मुंबईला जायची. मुंबईच्या बाजारात हा माल वऱ्हाडी मालाबरोबर ‘उमरा’ या गटात मोडे. धागा आखूड आणि सूत जाड. लँकेशायरच्या गिरण्या नाकं मुरडत. जपानी गिरणीवाल्यांनी मात्र स्वस्त हिंदुस्थानी रुईत लांब धाग्याची अमेरिकन रुई मिसळण्याची कला साधली आणि त्यावर धंदा उभारला.

अडचण होती बोटभाड्याची. मुंबई-जपान मार्ग पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठीत. १८९३मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, ‘निप्पोन युसेन काइशा’ या जहाज कंपनीशी त्यांनी बोलणी केली, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ‘हिरोशिमा मारू’ कोबे बंदरातून मुंबईकडे निघाली. जपानची ही पहिली दूरपल्ल्याची नियमित बोटसेवा. पी. अँड ओ.ने भाडं टनामागे दीड रुपयापर्यंत पाडलं. टाटांची बाजू त्या मारामारीत टिकली नाही. पण ओसाकाच्या गिरणी-संघाने माल आपल्याच बोटीतून आणायचा शब्द दिला होता, त्यावर जपानी कंपनी तरली. पुढे जपान हे हिंदुस्थानी रुईचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं. १९३३मध्ये इथल्या सरकारने ब्रिटिशेतर परक्या कापडावर ७५ टक्के जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी रुईवर बहिष्कार घातला. १९३४च्या करारात शेवटी तडजोड निघाली : जपानने दहा लाख गाठी घ्यायच्या आणि बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकायचं.

कापूस न्यायला मुंबईला आलेली ती कंपनी अजून आहे. ‘आसुका २’ हे ऐषारामी जहाज २००६पासून तिचंच, आणि २०२५मध्ये ‘आसुका ३’ त्याच्या जोडीला आलं. म्हणजे ज्या कंपनीचा दूरपल्ल्याचा पहिला मार्ग रुईच्या गाठींनी चालू झाला, तिच्याच जहाजांवर आज किमोनोची संध्याकाळ साजरी होते. पण सुती किमोनोला तिथे मानाची जागा नाही.

कारण किमोनोत कापडाची उतरंड फार कडक असते. सर्वांत वर तोमेसोदे. अविवाहित मुलींसाठी लोंबत्या बाह्यांचा ‘फुरिसोदे’. त्याखाली भेटीगाठींचा ‘होमोंगी’. ही सगळी आधी विणून मग रंगवलेली, गुळगुळीत किंवा क्रेप जातीची रेशमं. सूत आधी रंगवून विणलेला किमोनो कितीही महाग असला तरी अनौपचारिक. ‘युकी त्सुमुगी’ हाताने सूत काढून विणतात, त्याची किंमत ऐकून जळगावचा सराफही दचकेल. पण लग्नाला तो चालत नाही, कारण त्याचं मूळ निकामी कोशांच्या रेशमात, शेतकऱ्याच्या घरात. आपल्याला हे उलटं वाटेल. येवल्याची पैठणी श्रेष्ठ ठरते ती विणीतच नक्षी असल्यामुळे. छापील साडी तिच्यापुढे उभी राहत नाही. त्यांचा ओबी मात्र आपल्या बाजूचा : विणलेला वरचा, रंगवलेला खालचा.

उतरंडीच्या तळाशी ‘युकाता’, अंघोळीनंतर अंगावर घ्यायचा सुती किमोनो. एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, सार्वजनिक न्हाणीघरांबरोबर तो पसरला आणि आज उन्हाळी जत्रेत किंवा सराईत दिसतो. जहाजावर उन्हाळी जत्रेची संध्याकाळ असेल तर तो घालून मिरवावं; फॉर्मल नाइटला नाही. (कुठलाही किमोनो असो, डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उजवी वर फक्त मयताला नेसवतात. भाड्याने किमोनो घेऊन फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं तरी जपावं.)

कापसाची गत आपल्याकडे वेगळी झाली, आणि त्याला कारण राजकारण. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते पी. अँड ओ.च्याच ‘राजपुताना’ बोटीने. दुसऱ्या वर्गाने, पंचा आणि शालीत, डेकवर चरखा फिरवत. त्याच पंचात ते नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यावर चहाला गेले. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशात फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूंची सजावट नंदलाल बोस यांची आणि शेजारी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन. कपाशीच्या मुलखात, हजारोंच्या सभेत, जाड्याभरड्या सुताचा कपडा हाच दरबारी पोशाख झाला. दहा-अकरा वर्षांत त्याच कपड्यातली माणसं सरकारी मेजवान्यांचे यजमान होती.

तेव्हा आज जळगावचा एखादा निवृत्त मास्तर खादीचा बंद गळ्याचा कोट घालून फॉर्मल नाइटला गेला, तर ‘राष्ट्रीय पोशाख’ म्हणून दारावरचा माणूस त्याला कमरेत वाकून आत घेईल. मागोमाग सुती युकाता नेसून एखादे जपानी आजोबा आले, तर त्यांना मात्र तितक्याच अदबीने सांगितलं जाईल, की कृपया कपडे बदलून या.