गोंद तोच, मग सांधा का निसटतो?

रेडिओ-नियंत्रित मॉडेल मोटार भिंतीवर जोरात आदळली, की बहुधा दोन ठिकाणी मोडते. वरच्या टणक कवचाला तडा जातो, नाहीतर चाक धरून ठेवणारा दांडा तुटतो. मुले दोन्हींवर एकच झटपट गोंद लावतात. कवच जुळते; दांडा मात्र पहिल्याच धक्क्याला पुन्हा निसटतो. असे का होते, हे समजण्यासाठी प्लास्टिकच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. त्या इतिहासातला एक धागा कल्याणच्या पुढच्या स्टेशनापर्यंत, शहाडपर्यंत येतो.

सुरुवात कापसाची. 1846 साली शोनबाईन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवले. ते भडकन पेट घेणारे होते, पण कापूस विरघळत नाही अशा द्रावकांत ते विरघळे. 1862 च्या लंडन प्रदर्शनात पार्क्सने त्यापासून बनवलेल्या वस्तू मांडल्या, आणि 1870 च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. दादासाहेब फाळक्यांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच पदार्थाच्या पट्टीवर चित्रित झाला. त्या काळी फिल्मचे दोन तुकडे जोडताना टोकावरचा थर खरवडून काढीत आणि द्रावक असलेला सिमेंट लावून टोके एकमेकांवर दाबून धरीत. आज मॉडेल मोटारीचे कवच जोडण्याची उत्तम रीत तत्त्वतः हीच आहे.

या रीतीत नेमके काय घडते? प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. द्रावक त्यांच्यात शिरला की त्या सैल होतात, दोन्ही काठांवरच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, आणि द्रावक उडून गेला की तिथेच गुंतून राहतात. म्हणजे हा सांधा चिकटवलेला नसतो, विणलेला असतो. साखळ्यांची ही कल्पना स्टाउडिंगरने 1920 साली मांडली, तेव्हा अनेक नामवंतांना ती पटली नव्हती. नोबेल पारितोषिक त्याला 1953 साली मिळाले.

मग साधा कापूस अ‍ॅसिटोनमध्ये का विरघळत नाही? सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजच्या प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि त्यांच्यामुळे शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. अ‍ॅसिटोनला ही बांधणी सोडवता येत नाही. नायट्रोसेल्युलोजमध्ये यांपैकी बरेच गट झाकले जातात, म्हणून ते विरघळते. क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी 1892 साली दुसरी वाट काढली, आणि शहाडला 1956 साली सुरू झालेल्या सेंच्युरी रेयॉनच्या धाग्यामागे तीच आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडशी त्याची क्रिया घडवायची, मधासारखा दाट द्राव करायचा आणि तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडायचा. तिथे सेल्युलोज पुन्हा मूळ रूपात येते, पण आता धागा होऊन. कार्बन डायसल्फाइड ज्वालाग्राही आहे, आणि दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जातंतूंना इजा करते. रेयॉनच्या धड्यात हे वाक्य असायलाच हवे, असे मला वाटते.

आता मोटारीकडे येऊ. टणक कवच पुष्कळदा एबीएसचे असते. त्याच्या साखळ्यांत असे घट्ट बंध नसतात, त्यामुळे अ‍ॅसिटोन त्यांना सैल करते. त्याच प्लास्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी आतल्या बाजूने भेगेत भरली आणि दिवसभर हात लावला नाही, तर सांधा चांगला धरतो. दांडा मात्र बऱ्याचदा नायलॉनचा असतो. कॅरोदर्सने 1935 साली बनवलेल्या या बहुवारिकातही साखळ्या हायड्रोजन बंधांनीच जखडलेल्या असतात. कापसासारखेच तेही अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. झटपट गोंद त्याच्या पृष्ठभागाला धरतो खरा, पण सुकल्यावर ठिसूळ होतो, आणि दांडा तर सतत लवत असतो. तिथे तुटलेल्या हाडाला करतात तोच उपाय करावा: दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून तारेची खीळ घालावी, किंवा बाजूने धातूची पट्टी स्क्रूने बसवावी. फटीत अ‍ॅराल्डाइट भरले तरी धक्का सोसायचा तो धातूनेच.

तिसरा प्रकार पॉलिथिनचा. मेणासारख्या त्याच्या पृष्ठभागावर गोंद नीट पसरतच नाही. टणक पॉलिथिनचे उत्पादन आपल्या देशात 1968 साली सुरू झाले, तेही ठाणे-बेलापूर पट्ट्यात. फुटक्या बादल्या तापल्या सळईने सांधणारे कारागीर गोंदाच्या वाटेला जात नसत. साखळ्या द्रावकाने सैल होत नसतील तर उष्णतेने करायच्या, हे त्यांनी हातानेच शोधले होते.

वर्गात हे पडताळायचे तर खिडक्या उघड्या ठेवून, जवळ ज्योत नाही हे पाहून, तुकड्याच्या मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकावा. जागा चिकट झाली तर द्रावकाचा सांधा जमेल. पारदर्शक कवचावर हा प्रयोग करू नये. ते सहसा पॉलिकार्बोनेटचे असते आणि अ‍ॅसिटोनने पांढरे पडून तडकते. सांडलेला झटपट गोंद मात्र कापसाने कधीही पुसू नये. कापसावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो, की उष्णतेने बोट भाजते, कधी धूरही निघतो.