बहिष्कार चालवणारी समिती : माँटगोमेरी, १९५५-५६ (थ्रेड)

१ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आसन गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचा इतिहास आपण उड्या मारत वाचतो : मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण, बसवरील बहिष्कार, न्यायालयाचा निकाल. मधले ३८१ दिवस लोक कामावर गेले कसे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

प्रश्न साधा नव्हता. किंग यांनी दिलेल्या आकड्यानुसार सुमारे १७,५०० कृष्णवर्णीय रोज दोन वेळा बसने प्रवास करीत. त्यांत गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांची वस्ती शहराच्या एका टोकाला, तर कामाची घरे दुसऱ्या टोकाला. एक दिवस बसमध्ये न चढणे उत्साहाच्या बळावर जमते. दुसऱ्या आठवड्यात मात्र पाय दुखू लागतात.

पहिल्या दिवसाची हाक महिलांच्या एका राजकीय मंडळाने दिली होती. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने रात्रभर जागून हजारो पत्रके सायक्लोस्टाइल केली. ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. त्याच दुपारी पुढाऱ्यांनी ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन केली. नाव एखाद्या नगरसुधार मंडळाचे वाटावे इतके निरुपद्रवी! अध्यक्षपदी २६ वर्षांचे धर्मोपदेशक किंग यांची निवड झाली, आणि रात्री होल्ट स्ट्रीट चर्चमधील सभेने बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. संघटनेने अर्थ, वाहतूक अशा निरनिराळ्या समित्या नेमल्या. त्यांतील वाहतूक समितीवर सर्वाधिक भार पडला.

आरंभी कृष्णवर्णीयांच्या टॅक्सी बसच्याच दरात, म्हणजे १० सेंटमध्ये, प्रवासी नेत. पोलीस आयुक्तांनी लगेच किमान ४५ सेंट भाड्याच्या नियमावर बोट ठेवले आणि तो मार्ग बंद झाला. तेव्हा किंग यांनी लुइझियानातील बॅटन रूज येथे थिओडोर जेमिसन यांना दूरध्वनी केला. १९५३ मध्ये जेमिसन यांनी तेथे अल्पकाळाचा बस-बहिष्कार चालवला होता आणि खासगी मोटारींतून लोकांची ने-आण केली होती. माँटगोमेरीची सुप्रसिद्ध व्यवस्था अशी दुसऱ्या गावाच्या अनुभवातून आली. पाठ्यपुस्तकांत जेमिसन यांचे नाव सहसा आढळत नाही.

सभेत आवाहन होताच १५० हून अधिक जणांनी आपल्या मोटारी देऊ केल्या. पुढे ही संख्या सुमारे ३०० वर गेली. रुफस लुईस यांच्या समितीने शहराचा नकाशा पुढ्यात घेतला. टपालखात्यातील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गल्ल्या पाठ होत्या, त्यांचे साहाय्य झाले. सकाळी वस्त्यांतून निघण्यासाठी ४८ आणि सायंकाळी परतण्यासाठी ४२ थांबे निश्चित करून त्यांची यादी १३ डिसेंबरपर्यंत घरोघरी पोहोचवण्यात आली. आपल्याकडच्या वडापची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था, फक्त भाडे न घेणारी. भाडे घेतले असते तर विनापरवाना धंदा म्हणून ती तत्काळ बंद पाडता आली असती. म्हणून खर्च सभांमध्ये जमणाऱ्या वर्गणीतून भागे. स्वतः रोझा पार्क्स यांनी काही काळ या गाड्या नेमून देण्याचे काम केले, हेही त्यांच्या चरित्रातील सहसा न सांगितले जाणारे पान आहे.

पोलिसांनी चालकांना छळण्यास प्रारंभ केला. सावधपणे गाडी चालवणाऱ्या रॉबिन्सन यांना काही महिन्यांत १७ दंडपावत्या मिळाल्या. जानेवारीत किंग यांनाही २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी हाकल्याच्या आरोपावरून अटक झाली. गंमत अशी की, अनेक गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणींना स्वतःच्या मोटारीने आणत-सोडत होत्या. महापौरांनी त्यांना हे थांबवण्याची विनंती केली. पण बाई कामावर आली नाही तर घरातले काम कोण करणार, याचे उत्तर महापौरांपाशी नव्हते.

संघटनेचे बहुतेक पदाधिकारी धर्मोपदेशक, प्राध्यापक, व्यावसायिक, आणि मुख्यतः पुरुष होते. इंधनाला लागणाऱ्या पैशाचा एक झरा मात्र स्वयंपाकघरांतून वाहत होता. खाणावळीत स्वयंपाक करणाऱ्या जॉर्जिया गिलमोर यांनी काही बायकांना जमवून जेवणाचे डबे, केक आणि पाय विकायला सुरुवात केली. गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसा कोठून आला असे कोणी विचारलेच, तर ‘कोठूनच नाही’ हे उत्तर खरे ठरावे! कामावरून काढले जाण्याच्या भीतीने बायका नाव देत नसत. देणारे कोण, हे केवळ गिलमोर यांना ठाऊक असे. शहराच्या दुसऱ्या भागातील बायकांनी चुरशीने आपला वेगळा क्लब काढला, आणि सभेत कोणाची रक्कम मोठी याची स्पर्धा लागू लागली. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरील खटल्यात गिलमोर यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली.

संघटनेत सारे आलबेल होते असे नाही. जूनमध्ये तिच्याच एका पदाधिकाऱ्याने निधीच्या गैरवापराचा जाहीर आरोप केला आणि आठवडाभरात तो तितक्याच जाहीरपणे मागे घेतला. चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन गाड्यांचा विमा स्थानिक कंपन्या रद्द करीत राहिल्या. अखेर तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी या वाहतूक व्यवस्थेवर बंदी आणण्याच्या अर्जाची सुनावणी चालू असतानाच, बसमधील वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्याची बातमी आली. तरीही स्थानिक न्यायाधीशांनी बंदीचा हुकूम दिलाच. प्रत्यक्ष आदेश शहरात पोहोचला २० डिसेंबरला. मधले पाच आठवडे समितीच्या गाड्या उभ्या होत्या. लोक पायी चालले, शेजाऱ्यांच्या मोटारींतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत.

नोकरी गेल्यावर किंग यांच्या प्रोत्साहनाने गिलमोर यांनी घरातच खाणावळ सुरू केली. पुढे तेथे चळवळीतील कार्यकर्त्यांच्या पंगती उठल्या. मार्च १९९० मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेच्या पंचविसाव्या स्मृतिदिनासाठी येणाऱ्या लोकांकरिता स्वयंपाक करीत असताना त्या आजारी पडल्या आणि त्यांचे निधन झाले. त्यांनी केलेले चिकन आणि मॅकरोनी घरच्यांनी सांत्वनाला आलेल्या लोकांना वाढले.