लँकेस्टरची पेढी

इंग्लंडच्या वायव्य भागात, आयरिश समुद्रापासून जवळच, लँकेस्टर हे जुनं गाव आहे. केंब्रिजला शिकलेल्या एडमंड शार्प या तरुणानं 1835 च्या अखेरीस तिथे वास्तुविशारद म्हणून काम सुरू केलं. त्याआधी जर्मनी आणि दक्षिण फ्रान्समध्ये हिंडून त्यानं मध्ययुगीन चर्चं डोळ्यांखालून घातली होती. त्यानं सुरू केलेली पेढी 1944 पर्यंत चालली. भागीदार बदलले, पाटीवरची नावं बदलली. लँकेस्टर मात्र सुटलं नाही.

शार्पचं सगळ्यात धाडसी काम बोल्टनजवळच्या लीव्हर ब्रिजला आहे. त्याच्या होणाऱ्या मेहुण्याच्या, जॉन फ्लेचरच्या, कोळशाच्या खाणी होत्या. कोळशाबरोबर तिथे भट्टीत भाजण्याजोगी उत्तम चिकणमाती निघे. शार्पनं ठरवलं, याच मातीचं चर्च उभारायचं. 1842 मध्ये काम सुरू झालं. भिंती, खिडक्यांची जाळीदार नक्षी, आतल्या बाकांची टोकं, सगळं साच्यात घालून भट्टीत भाजलं. पाथरवटानं एकेक फूल छिन्नीनं कोरायचं, त्याऐवजी साचा एकदा केला की हवी तेवढी फुलं. त्यामुळे मोजक्या पैशांत भरगच्च नक्षी करता आली. माती भाजताना आक्रसते, तुकडे एकसारखे उतरत नाहीत, ही अडचण होतीच. शिवाय पृष्ठभाग दगडासारखा दिसावा म्हणून केलेला खटाटोप मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या तेव्हाच्या कडव्या पुरस्कर्त्यांना फसवणूक वाटला. लोक अशा चर्चना ‘मडक्याची चर्चं’ म्हणू लागले. मला मात्र त्यात कसबी माणसाची हिंमत दिसते: जवळ जे आहे, त्यातून सुंदर काही घडवण्याची. मँचेस्टरच्या रशोममध्ये त्यानं लगेच दुसरं मातीचं चर्च बांधलं.

शार्प एका कामात मावणारा माणूस नव्हता. 1848 मध्ये तो लँकेस्टरचा महापौर झाला आणि गटारं व स्वच्छ पाण्याच्या योजनेमागे हात धुऊन लागला. 1851 मध्ये त्यानं पेढी सोडली. पुढे त्यानं रेल्वे आणि ट्रामच्या कामांतही लक्ष घातलं.

गादी चालवली एडवर्ड ग्रॅहम पेलीनं. 1838 मध्ये, पंधराव्या वर्षी, तो शार्पच्या हाताखाली शिकायला आला होता. 1845 मध्ये भागीदार झाला आणि 1851 मध्ये शार्पच्या बहिणीशी लग्न करून घरचाच झाला. लँकेस्टरचं सेंट पीटर हे कॅथलिक चर्च, जे 1924 मध्ये कॅथेड्रल झालं, त्याचंच.

1868 मध्ये ह्युबर्ट ऑस्टिन भागीदार झाला, आणि माझ्या मते पेढीचा खरा बहर तिथून सुरू होतो. ऑस्टिन लंडनला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या कचेरीत तयार झाला होता. मुंबईकरांना स्कॉट परका नाही. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह त्याच्याच आराखड्यांवर उभी राहिली. लंडनमध्ये उमेदवारी केलेला असा माणूस छोट्या गावात येऊन राहिला, कारण कामाला तोटा नव्हता. लँकेस्टरजवळच्या फर्नेस भागात लोखंड आणि रेल्वेनं बॅरो हे शहर बघता बघता उभं केलं होतं. त्या उद्योगांत डेव्हनशायरच्या ड्यूकचा पैसा होता. 1871 मध्ये त्याचा होल्कर हॉल हा वाडा आगीत सापडला, तेव्हा जळालेली बाजू पेली आणि ऑस्टिननंच नव्यानं बांधली. रेल्वेची स्थानकंही त्यांनी केली. बॅरोच्या कामगारांसाठी त्यांनी बांधलेली चार चर्चं 1878 मध्ये एकाच दिवशी अर्पण झाली. एक यजमान खूश झाला की त्याच्या ओळखीतून पुढचं काम यायचं.

लँकेस्टरच्या स्कॉटफर्थ भागातलं 1870 च्या दशकातलं मातीचं चर्च मात्र पेढीचं नव्हे, खुद्द शार्पचं. पहिल्या चर्चनंतर तीसएक वर्षांनी म्हातारपणी तो पुन्हा आपल्या मातीकडे वळला. 1877 मध्ये मिलानमध्ये त्याचा मृत्यू झाला.

ऑस्टिनची ताकद पाहायची तर स्टॉकपोर्टचं सेंट जॉर्ज पाहावं. 1890 च्या दशकातलं हे चर्च बिअरच्या एका स्थानिक कारखानदाराच्या पैशातून झालं. एवढं मोठं असूनही ते बोजड वाटत नाही. जाडजूड मनोऱ्यावरून निमुळतं शिखर सहज वर चढतं. असं काम करणाऱ्याचं नाव राजधानीबाहेर राहिल्यामुळे मागे पडलं, याची मला खरोखर चुटपुट लागते.

थोरला पेली 1895 मध्ये गेला, ऑस्टिन 1915 मध्ये. उरला पेलीचा मुलगा हॅरी. पहिल्या महायुद्धानंतर मोठी चर्चं बांधायला पैसाही नव्हता आणि तशी निकडही नव्हती. तरी त्यानं 1944 पर्यंत कचेरी चालवली. इमारती मात्र टिकल्या. लँकेस्टरमधलं पेढीनं बांधलेलं रॉयल अल्बर्ट असायलम, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संस्था, 1996 मध्ये बंद झालं. आता तिथे मुलींची मुस्लिम निवासी शाळा भरते.