कबुलीजबाब आणि कूळ : जबलपूरचे दप्तर व ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’

फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. टेलर निजामाच्या सैन्यात अधिकारी होते. परंतु त्यांच्या कादंबरीतील निवेदनाचा साचा प्रामुख्याने घडला तो जबलपुरात. १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या या शहरात विल्यम स्लीमन यांनी ठगीविरोधी मोहिमेचे केंद्र उभारले. पकडलेल्या ठगाला माफीचा साक्षीदार करावे, त्याच्याकडून साथीदारांची नावे व वंशावळी वदवून घ्याव्यात आणि त्यांवरून पुढची धरपकड करावी, अशी ही पद्धत होती. ठगांच्या बोलीवरील स्लीमन यांचा ‘रामसीआना’ हा ग्रंथ १८३६ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच सक्तमजुरीची जन्मठेप ठरवली. ते कायद्यापूर्वीचे असले तरी चालत असे. अमुक खून अमुकाने केला, हे शाबीत करण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

कादंबरीतील अमीर अली असाच माफीचा साक्षीदार आहे. तो बोलतो आणि एक अनाम ‘साहेब’ ऐकतो. हा साहेब क्वचितच मध्ये बोलतो; पण जेव्हा बोलतो, तेव्हा त्याचा किळसयुक्त विस्मय एका माणसापुरता राहत नाही, तो एका जमातीच्या स्वभावाविषयीचा निवाडा होतो. वंशविषयक पूर्वग्रह या कादंबरीत आहे तो मुख्यतः ऐकणाऱ्याच्या या आसनात.

मात्र कथानक या निवाड्याला साथ देत नाही. अमीर अली जन्माने ठग नाही. ठगांनी त्याच्या आईबापांचा खून केला आणि त्यांच्यापैकीच इस्माईलने त्याला मुलगा म्हणून वाढवले. पुढे अमीर अलीच्या हातून नकळत सख्ख्या बहिणीचा खून होतो. म्हणजे ज्या कुळातून गुन्हा उतरतो असे मानले गेले, ते कूळच येथे दत्तक आहे. टेलर यांना हे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण होय. त्यांच्या पत्नी मेरी पामर यांच्या घराण्यात युरोपीय व हिंदी रक्ताचा संगम होता, एवढे येथे नोंदवणे पुरे.

कायद्याने मात्र या कथानकाकडून काही घेतले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याची खूण मानले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली. ठग ही देशभर पसरलेली वंशपरंपरागत संघटना होती, या गृहीतकालाच स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये हरकत घेतली व माळव्यातील लुटारू टोळ्यांचा संबंध स्थानिक सत्ताकारणाशी जोडला. तोवर कायदा रद्द होऊनही सतरा वर्षे झाली होती.

टेलर १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्गचे प्रशासक होते. तेथून फार दूर नसलेल्या लातूर परिसरात वाढलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले. येथेही ‘मी’च बोलतो व चोरीचे तंत्र, दीक्षा, टोळीतील नाती सांगतो, झडतीला येणारे पोलीसही येथे आहेत. तपशिलाची जात तीच, पण माफीच्या बदल्यात नावे मागणारा साहेब समोर बसलेला नाही. तुलनाकारांनी या दोन ग्रंथांना आजवर निरनिराळ्या कपाटांत ठेवले आहे. एकाला वसाहतवादी कादंबरीच्या, दुसऱ्याला दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या.